बाबांची माळ आणि क्लीव्हलँडचे बारा दिवे

तर मंडळी, यंदाच्या गणपतीत अस्मादिकांनी स्वतःच्या हाताने डिझाइन केलेली एलईडीची माळ पहिल्याच संध्याकाळी, ऐन आरतीच्या वेळी, सगळ्या नातेवाइकांच्या साक्षीने गेली. एकदम गेली असती तर निदान 'लाइट गेले' म्हणून खपवता आलं असतं. ती हप्त्याहप्त्याने गेली. पहिल्या आरतीला उजवीकडचा एक सर गेला, दुसऱ्या आरतीला वरचे दोन गेले, आणि मंत्रपुष्पांजलीपर्यंत मखराची एक बाजू एखाद्या दात पडलेल्या आजोबांसारखी दिसायला लागली. आत्या म्हणाली, "अरे तू तर इंजिनियर ना?"

होय, आत्या. इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. सध्या हिंजवडीत बसून जावा लिहितो, ही गोष्ट वेगळी.

हा लेख त्या फजितीचा आहे, पण फजितीपेक्षा जास्त तिच्यामागे जे सापडलं त्याचा आहे. कारण 'माळ का गेली' हे शोधायला मी बसलो आणि दोन वीकांत खर्ची घालून थेट १८७९ सालच्या अमेरिकेत जाऊन पोचलो.

आधी गुन्ह्याची कबुली. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन पांढरे एलईडी आणले. एका दुकानात पुरेसे मिळाले नाहीत म्हणून उरलेले शेजारच्या दुकानातून घेतले (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे). घरी जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर होताच. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. म्हणजे चार एलईडी एकापुढे एक जोडले की झाले १२ व्होल्ट. चारचा एक सर, असे तीस सर एकमेकांना समांतर. एकूण १२० दिवे. मध्ये रेझिस्टर घालायचा असतो हे मला माहीत होतं, नाही असं नाही. पण गणित इतकं गोंडस जुळत होतं की उरलेले शून्य व्होल्ट रेझिस्टरवर खर्च करायचे तरी कशाला? खोलीवर तासभर लावून बघितली, मस्त चालली. पिशवीत घातली आणि सातारला घेऊन गेलो.

ही माळ ज्या माळेच्या जागी लागणार होती ती आमच्या बाबांची. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. सहा व्होल्टचे छोटे छोटे चाळीस बल्ब, सगळे एकाच सिरीजमध्ये, थेट घरच्या लाइटवर. एक बल्ब उडाला की अख्खी माळ बंद. मग बाबा एक खात्रीचा बल्ब घेऊन एका टोकापासून सुरू करायचे आणि एकेक बल्ब काढून त्याच्या जागी हा लावून बघायचे. बदली बल्ब संपले असतील तर गेलेल्या बल्बाच्या दोन तारा सरळ एकमेकींना पिळून टाकायचे. पण वर्षाला तीनच्या वर नाही, हा त्यांचा नियम. "जास्त बल्ब कमी केले तर उरलेल्यांवर लोड येतो," असं म्हणायचे. बाबा पतपेढीत क्लार्क होते, ओहमचा नियम त्यांनी मॅट्रिकनंतर पाहिलेला नाही. हे सगळं चालू असताना माळेची पिन मात्र माझ्या मुठीत द्यायचे. म्हणजे कुणी चुकून प्लगमध्ये खुपसू नये. लहानपणी मला वाटायचं की मी त्यांना मदत करतोय. आता कळतं की ती सेफ्टी सिस्टिम होती.

आता त्यांची नजर तितकी राहिली नाही, हातही थरथरतात. चाळीस बल्ब एकेक करून तपासणं त्यांना जमत नाही. म्हणून मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, यंदा मी नवीन करून आणतो, ही जुनी भानगड आता बास.

आरती झाल्यावर पाहुणे पांगले. बाबा खुर्ची ओढून मखरासमोर बसले आणि बराच वेळ माळेकडे बघत राहिले. एका सरातले चार दिवे बाकीच्यांपेक्षा जास्त चमकत होते. आम्ही बघत असतानाच त्यातला एक गेला, बाकीचे तीन क्षणभर भगभगले आणि तेही गेले. बाबा म्हणाले, "आपल्या माळेत एक गेला की सगळे विझायचे. तुझ्यात एक गेला की बाकीचे भडकतायत. असं का?"

मला उत्तर देता आलं नाही. डिस्टिंक्शन असून! मी कपाटातून त्यांची जुनी माळ काढली, लावली आणि विषय तेवढ्यापुरता संपवला.

---

पुण्याला परत आल्यावर वाचायला लागलो. एलईडीचा ड्रायव्हर म्हणजे काय, तो व्होल्टेज नाही तर करंट स्थिर ठेवतो, वगैरे वगैरे. कॉलेजात हे एका ओळीत उरकलं होतं. पण 'करंट स्थिर ठेवणारी सिरीज माळ' ही कल्पना आली कुठून हे शोधताना एक नाव पुढे आलं: चार्ल्स ब्रश. आडनावावर जाऊ नका. माणूस जबरदस्त होता.

एडिसनचा बल्ब यायच्या आधी विजेचा दिवा म्हणजे आर्क लॅम्प. कोळशाच्या दोन कांड्या टोकाला टोक लावायच्या, वीज सोडायची आणि कांड्या किंचित लांब करायच्या. मधल्या फटीत डोळे दिपवणारी ज्योत पेटते. घरात लावायची सोय नाही, पण चौक उजळायला झकास. १८७८ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर याब्लोचकॉव्ह नावाच्या रशियन इंजिनियरचे आर्क दिवे लागले होते. तरी मोठी अडचण तशीच होती: एका डायनामोवर भरपूर दिवे भरवशाने कसे चालवायचे?

अडचण समजून घ्यायला आर्कचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. साध्या तारेत व्होल्टेज वाढवलं की त्या प्रमाणात करंट वाढतो. आर्कचं उलटं. त्यातून करंट जास्त गेला की ज्योत जाड आणि गरम होते, वीज आणखी सहज वाहते आणि आर्कवरचं व्होल्टेज चक्क कमी होतं! म्हणजे ठराविक व्होल्टेजच्या लाइनवर आर्क नुसता जोडून दिला तर करंट जरासा वाढला की आणखी वाढतो, आणि आणखी वाढतो. जरासा कमी झाला तर विझूनच जातो. मधे कुठे थांबणं त्याला माहीत नाही. (आमच्या ऑफिसातही अशी एकदोन माणसं आहेत. असो.)

हा स्वभाव आकड्यांत नीट मांडला तो हर्था एर्टन या इंग्लंडमधल्या बाईंनी. आर्क कधीकधी साप फुत्कारल्यासारखा का आवाज करतो, यावर त्यांनी प्रयोग केले आणि कारण शोधलं: हवेतला ऑक्सिजन कोळशाच्या तापलेल्या खळग्यापर्यंत पोचतो म्हणून. १८९९ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनियर्समध्ये स्वतःचा शोधनिबंध स्वतः वाचणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि त्याच वर्षी तिथल्या पहिल्या स्त्री सदस्य. १९०२ मध्ये आर्कवरचा त्यांचा ग्रंथ आला. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने मात्र त्यांना फेलो करून घ्यायला नकार दिला, कारण काय तर त्या विवाहित स्त्री! चार वर्षांनी त्याच सोसायटीला त्यांना ह्यूज पदक द्यावं लागलं. आम्हाला चार वर्षांत हे नाव एकदाही कुणी सांगितलं नाही.

पण ब्रशने हे सगळं गणित छापून यायची वाट बघितली नाही. ओहायो राज्यातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा, शिकला होता खाणकाम, वेड मात्र विजेचं. २९ एप्रिल १८७९ च्या रात्री त्याने क्लीव्हलँड शहरातल्या मॉन्युमेंटल पार्कमध्ये बारा आर्क दिवे लावले. एक डायनामो, एक तार आणि त्या तारेत एकामागे एक गुंफलेले बारा दिवे. म्हणजे आमच्या बाबांची माळच की! फक्त एकेक बल्ब चौक उजळणारा.

सिरीजचा फायदा असा की माळेत कुठेही मोजा, करंट तेवढाच. पहिल्या दिव्यात जातो तोच शेवटच्यात. तार मैलभर लांब असली तरी शेवटचा दिवा मंद पडत नाही. ब्रशच्या पद्धतीत करंट साधारण १० अँपिअर असायचा आणि प्रत्येक दिव्यावर ४५ ते ५० व्होल्ट पडायचे. चाळीस दिवे गुंफायचे तर दोन हजार व्होल्टच्या आसपास हवेत, इतका साधा हिशोब.

पण मग दोन प्रश्न येतात. आणि हे दोन प्रश्न म्हणजेच आजच्या कुठल्याही एलईडी ड्रायव्हरचं अर्धं डिझाइन.

प्रश्न पहिला: एक दिवा गेला तर अख्खं गाव अंधारात? ब्रशने प्रत्येक दिव्यातच एक पर्यायी वाट ठेवली. कांड्या जळून फट फार लांबली किंवा दिवा बिघडला की एक विद्युतचुंबक खटकन एक संपर्क जोडायचा आणि करंट त्या दिव्याला वळसा घालून पुढे जायचा. एक दिवा विझला, बाकीचे चालू. दोन तारा पिळून बल्ब वगळायचे तेच, फक्त आपोआप. बाबांनी कुठे ब्रश वाचला होता!

प्रश्न दुसरा: दिवा वगळला की माळेतला अडथळा कमी झाला, मग करंट वाढणार, उरलेल्यांवर 'लोड येणार'. त्याचं काय? बाबांचं उत्तर होतं 'वर्षाला तीनच्या वर नाही'. ब्रशचं उत्तर होतं रेग्युलेटर. डायनामोमध्ये ज्या वेटोळ्यांमुळे चुंबकत्व तयार होतं, त्यांच्या शेजारून कोळशाच्या चकत्यांची एक चळत जोडलेली. माळेचा करंट एका विद्युतचुंबकातून जायचा आणि तो चुंबक ही चळत दाबायचा. करंट वाढला की चळत जास्त दाबली जाते, दाबलेल्या कोळशातून वीज जास्त सहज जाते, म्हणून वेटोळ्यांच्या वाटणीची वीज कमी होते, चुंबकत्व घटतं, डायनामोचं व्होल्टेज उतरतं आणि करंट पुन्हा मूळ जागेवर. करंट कमी झाला तर हेच उलट.

हे वाचल्यावर मी खुर्चीतून उठून चहा करून आलो. हा तर पूर्ण फीडबॅक लूप आहे! करंट मोजायचा, हव्या त्या आकड्याशी ताडून बघायचा, चूक दुरुस्त करायची. ट्रान्झिस्टर नाही, ऑप-अँप नाही. कोळसा, लोखंड आणि तांब्याची तार. फिलाडेल्फियाच्या एलिहू थॉमसन आणि एडविन ह्यूस्टन या जोडीने हेच काम दुसऱ्या युक्तीने केलं: डायनामोवर टेकणारे संपर्कच एका चुंबकाने आपोआप पुढेमागे सरकवायचे. ध्येय तेच. व्होल्टेजचं काय व्हायचं ते होऊ दे, करंट हलता कामा नये.

या पद्धतीचा धोकाही मोठा होता. तार कुठे तुटली तर करंट टिकवायच्या नादात डायनामो आपलं सगळं व्होल्टेज त्या तुटक्या टोकांवर ओततो. १८८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हाय व्होल्टेजच्या तारांची नुसती जाळी झाली होती, त्यांच्यामुळे माणसं मेली, आणि दशक संपता संपता शहराला त्या तारा उतरवाव्या लागल्या.

---

आता रंगमंचावर एडिसनचा प्रवेश.

आर्कचा भगभगीत उजेड घरातल्या खोलीएवढा लहान कसा करायचा, हा त्या काळचा कळीचा प्रश्न. मोठमोठे जाणकार म्हणत होते की उजेडाची अशी वाटणी जमणारच नाही. एडिसनने एक गोष्ट ओळखली: दिवे सिरीजमध्ये न लावता समांतर लावायचे, म्हणजे प्रत्येक घर आपला दिवा हवा तेव्हा लावेल आणि विझवेल. पण समांतर लावले की सगळ्यांचा करंट एकत्र होऊन मुख्य तारेवर येतो आणि तांब्याचा खर्च परवडत नाही. म्हणून त्याने जास्त रेझिस्टन्सची, बारीक फिलामेंट शोधली. व्होल्टेज जास्त, करंट कमी, तांबं वाचलं. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं. व्होल्टेज ११० च्या आसपास, दिवे सुमारे चारशे.

गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या डिसेंबरात एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या न्यूयॉर्कच्या घरी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ऐंशी छोटे बल्ब लावले. झाड गोल फिरायचं. विजेच्या दिव्यांनी सजवलेलं हे पहिलं नाताळचं झाड मानतात. आमच्या मखरावरच्या माळेचं कुळ थेट तिथपर्यंत जातं.

टंगस्टन फिलामेंटच्या बल्बचा एक गुण मला आता कळला, जो इतकी वर्षं बल्ब बघूनही कळला नव्हता. फिलामेंट तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो; पेटलेल्या बल्बचा रेझिस्टन्स थंड बल्बच्या जवळपास दहापट असतो. म्हणजे करंट वाढायला लागला की बल्ब स्वतःच हात आखडता घेतो. समंजस दिवा! त्याला ड्रायव्हर लागत नाही, कारण ड्रायव्हर त्याच्या पोटातच आहे. आपण फक्त ठराविक व्होल्टेज द्यायचं.

आणि एडिसनच्या समांतर जोडणीमुळे जग ठराविक व्होल्टेजचं झालं. पुढे डीसी-एसीचं भांडण झालं आणि त्यात एडिसन हरला. ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण त्याहून मूलभूत भांडणात, म्हणजे 'व्होल्टेज स्थिर ठेवायचं की करंट', तो साफ जिंकला. आज भिंतीवरच्या प्रत्येक सॉकेटमध्ये, प्रत्येक बॅटरीवर, प्रत्येक अ‍ॅडाप्टरवर व्होल्टेजचा आकडा असतो आणि वस्तू तिला लागेल तेवढा करंट घेते असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं. १२ भागिले ४ बरोबर ३. संपलं.

ब्रशची पद्धत हरली, पण मेली नाही. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी ती पुढे अनेक दशकं टिकली. आर्क गेले, त्यांच्या जागी ६.६ अँपिअरचे फिलामेंटचे बल्ब सिरीजमध्ये आले. करंट राखायला खास ट्रान्सफॉर्मर, ज्यातलं एक वेटोळं वजनाने तोलून अधांतरी ठेवलेलं. करंट वाढला की दोन वेटोळी एकमेकांना दूर ढकलतात, दूर गेली की करंट उतरतो. आणि बल्ब उडाला तर? बल्बाच्या खोबणीत कागदासारखी पातळ चकती असायची. बल्ब उडाला की माळेचं व्होल्टेज त्या चकतीवर यायचं, चकती फुटून तिथे वाट मोकळी व्हायची. नाताळच्या माळांच्या छोट्या बल्बांतही पुढे हीच युक्ती आली. फिलामेंटच्या खाली एक बारीक तार गुंडाळलेली, तिच्यावर वीज अडवणारा पातळ थर. फिलामेंट तुटली की थर फुटतो आणि माळ चालू राहते. बाबांच्या माळेत ही सोय नव्हती. तिथे ती सोय बाबाच होते.

आणि एका जागी ती आजही डोळ्यांसमोर आहे. रात्रीच्या विमानात खिडकीशी बसला असाल तर उतरताना धावपट्टीच्या कडेच्या दिव्यांच्या दोन लांबलचक रांगा दिसतात. जगभरातल्या विमानतळांवर त्या सहसा ६.६ अँपिअरच्या सिरीज माळा असतात! तीन-तीन किलोमीटरवरचा शेवटचा दिवाही पहिल्याइतकाच उजळ दिसायला हवा, म्हणून. उजेड कमी करायचा तर करंट पायरीपायरीने २.८ अँपिअरपर्यंत उतरवतात. प्रत्येक दिव्याला स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे एक दिवा गेला तरी माळ तुटत नाही. वैमानिकाचा जीव १८७९ च्या कल्पनेवर टांगलेला आहे आणि ती कल्पना नीट काम करतेय.

---

आता आपल्या एलईडीकडे. विजेने दगडाला चमकवण्याचा हा प्रकारही जुनाच. १९०७ मध्ये मार्कोनीच्या कंपनीतल्या हेन्री राउंडला कार्बोरंडमच्या स्फटिकावर व्होल्टेज लावल्यावर पिवळसर उजेड दिसला. १९२० च्या दशकात रशियातल्या ओलेग लोसेव्हने त्याचा चिकाटीने अभ्यास केला. प्रयोगशाळेत साधा तंत्रज्ञ असलेला हा माणूस १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने मेला, वय अवघं ३८. १९६२ मध्ये निक होलोन्याकने डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला. निळा मात्र कुणाला जमेना. तो भरपूर उजळ असा जमला १९९३ मध्ये, जपानमधल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांना. त्या निळ्यावर पिवळा फॉस्फर लावून पांढरा आला १९९६ मध्ये. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं.

पण या सगळ्या प्रवासात एक गोष्ट घडली, जिच्याकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. आपण समंजस दिवा सोडला आणि पुन्हा आडमुठा दिवा हातात घेतला.

एलईडीचा स्वभाव अगदी आर्कसारखा उलटा नाही, पण त्याच घराण्यातला. ठराविक व्होल्टेजपर्यंत तो ढिम्म असतो. तिथून पुढे दोन-तीन दशांश व्होल्ट वाढले तरी करंट दुपटीच्या घरात जातो. आणि वर तो तापला की तेवढ्याच करंटसाठी त्याला व्होल्टेज कमी पुरतं, अंशागणिक काही मिलीव्होल्ट. म्हणजे व्होल्टेज पक्कं बांधून ठेवलं तर काय होणार? तापला, करंट वाढला, आणखी तापला, आणखी वाढला. फिलामेंट तापली की हात आखडते, एलईडी तापला की हात सैल सोडतो.

आता माझ्या मखरातल्या खुनाचा छडा लागतो. पांढऱ्या एलईडीचे '३ व्होल्ट' हा नुसता सरासरीचा आकडा. त्याच मालात एखादा २.९ चा असतो, एखादा ३.३ चा. त्यात मी दोन दुकानांचा माल मिसळलेला. ज्या सरात सगळे कमी व्होल्टेजवाले जमले त्याने स्वतःकडे जास्त करंट ओढला, म्हणून तो जास्त चमकत होता. खोलीवर टेबलावर मोकळी हवा होती. मखरात पुठ्ठा, कापड, फुलं, समोर समया. तो तापत गेला. मग त्यातला एक एलईडी आतून शॉर्ट झाला, म्हणजे नुसती तार होऊन बसला. आता १२ व्होल्ट उरलेल्या तिघांवर, प्रत्येकी ४. ते 'भडकले' आणि गेले. बाबांनी जे बघितलं ते बरोब्बर हेच.

म्हणून एलईडीच्या माळेला ड्रायव्हर लागतो, आणि ड्रायव्हर म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, ब्रशच्या कोळशाच्या चळतीचा नातू. एलसीडी पडदा असलेल्या मोबाइलमध्ये पडद्यामागे पांढरे एलईडी सिरीजमध्ये असतात. बॅटरी पावणेचार व्होल्टची, माळेला हवेत वीसेक, म्हणून एक छोटी चिप व्होल्टेज चढवते. पण ती राखते करंट. माळेच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर, त्यावरचं व्होल्टेज म्हणजे करंटचं माप. जास्त झालं की चिप हात आवरते, कमी झालं की सोडते. माळ तुटली तर व्होल्टेज भलतं चढू नये म्हणून वरची मर्यादा घातलेली असते (न्यूयॉर्कच्या तारा आठवा). रस्त्यावरच्या काही एलईडी दिव्यांत तर प्रत्येक एलईडीला समांतर एक पहारेकरी असतो. एलईडी तुटला की तो वाट मोकळी करून देतो. खटकन जोडला जाणारा ब्रशचा संपर्क, तांदळाच्या दाण्याएवढा होऊन परत आला.

---

या सगळ्यानंतर नवीन माळ केली नसती तर डिग्री परत करावी लागली असती. अ‍ॅडाप्टर २४ व्होल्टचा घेतला. सहा एलईडींचा एक सर, म्हणजे साधारण १९ व्होल्ट. प्रत्येक सराला एक एलएम ३१७. नॅशनल सेमीकंडक्टरच्या बॉब डॉबकिनने सत्तरच्या दशकात डिझाइन केलेली ही तीन पायांची चिप विकली जाते व्होल्टेज रेग्युलेटर म्हणून, पण दोन पायांमध्ये १.२५ व्होल्ट राखणं एवढं एकच काम ती इमानाने करते. त्या दोन पायांमध्ये ६८ ओहमचा रेझिस्टर बसवला की त्यातून १८ मिलीअँपिअरच वाहणार. तेवढाच करंट माळेत. एलईडी तापो, शॉर्ट होवो, १८ म्हणजे १८. चिपला स्वतःसाठी दोन-तीन व्होल्ट लागतात, म्हणूनच १२ ऐवजी २४. वीस सर, वीस चिपा. थोडं जास्तच झालं, मान्य आहे. एकाच स्विचिंग ड्रायव्हरमध्ये हे काम वीज वाचवून होतं. पण सोल्डरिंग करताना प्रत्येक चिप कशासाठी आहे हे या वेळी मला माहीत होतं.

दिवाळीत ती घेऊन घरी गेलो. मखर नव्हतं, म्हणून गॅलरीत आकाशकंदिलाच्या भोवती लावली. दोन तास झाले, तीन झाले, सगळे शाबूत. बाबांनी हात लावून बघितला, गरम नाही. मग मी त्यांच्या गणपतीतल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलो. कागदावर आर्क काढला, ब्रशचे बारा दिवे काढले, कोळशाची चळत काढली. फिलामेंट हात आखडते आणि एलईडी सैल सोडतो हे सांगितलं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तो ब्रश पण गेलेला बल्ब पिळूनच टाकायचा," ते म्हणाले.

"हो. पण मग उरलेल्यांवर लोड येऊ नये म्हणून—"

"ते बघू."

ते उठले आणि हत्यारांच्या डब्यातून तारेचा एक तुकडा घेऊन आले. मी अ‍ॅडाप्टरची पिन काढायला लागलो, तर म्हणाले, "राहू दे, चोवीसच व्होल्ट आहेत ना?" हात थरथरत होता, म्हणून मी खालून माळ धरली. त्यांनी एका एलईडीच्या दोन पायांवर ती तार टेकवली.

तो एक दिवा विझला. बाकीचे पाच होते तसेच राहिले. बाबांनी तार काढली, तो लागला. परत टेकवली. डोळे बारीक करून त्या पाचांकडे बघत राहिले, जरा तरी जास्त चमकतायत का म्हणून.

"नाय भडकत," ते म्हणाले, आणि शेजारचा सर तपासायला घेतला.